भिंत पाहून काढलेला फोटो: टिळकवाडीतील एका स्टुडिओचे परीक्षण

बेळगावात फोटो काढणाऱ्यांची वानवा नाही. लग्न, मुंज, बारसे, वास्तुशांत यांपैकी कोणत्याही कार्याला ड्रोनसह हजर होणारी माणसे शहापूरपासून हिंडलग्यापर्यंत सर्वत्र सापडतात आणि त्यांच्यातील अनेकांचे काम उत्तमही असते. मात्र घरात कोणतेही कार्य नसताना केवळ कुटुंबाचा एक फोटो काढायचा, तो चांगल्या कागदावर छापायचा, चौकटीत बसवायचा आणि घरी येऊन भिंतीवर लावून द्यायचा, एवढी संपूर्ण जबाबदारी घेणारा व्यवसाय येथे क्वचितच आढळतो. टिळकवाडीतील ज्या स्टुडिओविषयी हे लिहीत आहे, तो एक दांपत्य चालवते. पती फोटो काढतात, छपाई आणि चौकटींचे काम पत्नी पाहतात. लग्नाची कामे दोघेही घेत नाहीत. आमच्या घरातील चार पिढ्यांचा एकत्र फोटो आम्ही त्यांच्याकडून करून घेतला. तो भिंतीवर लागून आता बरेच महिने झाले आहेत आणि त्यावरून एक पावसाळाही गेला आहे, त्यामुळे केवळ पहिल्या दिवसाच्या आनंदावर हे मत बेतलेले नाही.

पहिल्या भेटीत कॅमेऱ्याचा विषयही निघाला नाही. फोटो कोणत्या खोलीत लागणार, त्या भिंतीची रुंदी किती, समोर बसणारा माणूस किती अंतरावर असेल, खिडकी कोणत्या बाजूला आहे आणि भिंत बाहेरची आहे की आतली, एवढेच प्रश्न त्यांनी विचारले. भिंतीवर वर्तमानपत्राचे एक पान चिकटवून, समोरून मोबाईलवर फोटो काढून पाठवा, असेही सांगितले. त्या पानाच्या मापावरून भिंतीचे माप काढून, वेगवेगळ्या आकारांच्या चौकटी आमच्याच भिंतीवर कशा दिसतील हे त्यांनी पडद्यावर दाखवले. भिंत आतली की बाहेरची हा प्रश्न आम्हाला तेव्हा अनाठायी वाटला होता; त्यामागील कारण ऐकल्यावर तो सर्वांत महत्त्वाचा ठरला. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात तर तो थांबतच नाही, आणि पश्चिमेच्या भिंती आतून ओल धरतात. अशा भिंतीला चौकट चिकटून टांगली की मागच्या पुठ्ठ्याला बुरशी येते, कागद फुगतो आणि पुढच्या वर्षी फोटोवर ठिपके दिसू लागतात. आम्ही ठरवलेली भिंत नेमकी पश्चिमेची होती. ती बदलून हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधील भिंत घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. तेथे भिंत थोडी अरुंद असल्याने एक आकार कमी करावा लागला, म्हणजे या सल्ल्यात त्यांचेच नुकसान होते.

कपड्यांविषयीच्या सूचना लेखी मिळाल्या आणि त्याही नेमक्या होत्या. सर्वांनी एकाच रंगाचे कपडे घालण्याची जी पद्धत हल्ली आली आहे, तिला त्यांचा विरोध आहे. मला हे फार पटले, कारण पांढऱ्या शर्टांची रांग केली की घरची माणसे एखाद्या वाद्यवृंदासारखी दिसू लागतात. त्याऐवजी एकमेकांना साजतील असे तीन-चार रंग निवडावेत, मोठी अक्षरे असलेले टी-शर्ट टाळावेत आणि शक्य असेल तर आजींच्या नेहमीच्या लुगड्याभोवती इतरांचे रंग बसवावेत, असे त्यांनी सुचवले. बारीक चौकडीचे कापड मात्र चालणार नाही, असे स्पष्ट सांगितले. अशा विणीवर कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी आणि कापडाची जाळी एकमेकींत अडकून लाटांसारखे रंगीत पट्टे उमटतात आणि ते नंतर काढणे जिकिरीचे असते. आमच्या आत्तींची आवडती इरकल याच कारणाने मागे राहिली. त्या काही काळ रुसल्या होत्या, पण बारीक चौकडीच्या एका रुमालाचा फोटो मोठा करून दाखवल्यावर त्यांनी मोठ्या काठाची शहापुरी साडी निवडली.

फोटोचा दिवस दोनदा बदलावा लागला. पुतण्या सैन्यात आहे आणि त्याची रजा पुढे गेली. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील असंख्य घरांत हीच परिस्थिती असते. स्टुडिओच्या अर्जावर रजेसाठी तारीख बदलल्यास जादा आकार नाही, असे कलम छापलेलेच आहे. हा व्यवसाय कोठे उभा आहे हे त्याच्या चालकांना कळते, याची ती खूण वाटली.

प्रत्यक्ष फोटो काढण्याचे काम अपेक्षेपेक्षा शांतपणे झाले. पावसाळ्याबाहेरच्या दिवसांत ते टिळकवाडीतीलच व्हॅक्सीन डेपो या मोकळ्या आवाराच्या झाडीत सकाळच्या उन्हातही फोटो काढतात, परंतु आजींना चालवत नसल्याने आम्ही स्टुडिओच निवडला. उत्तरेकडील मोठी खिडकी आणि तिच्या जोडीला कापडाने झाकलेला एक मोठा दिवा, एवढाच उजेड होता. जुन्या पद्धतीप्रमाणे मागे पुरुष उभे, पुढे स्त्रिया बसलेल्या आणि जमिनीवर मुले, अशी रचना त्यांनी केली नाही. आधी आजींना खुर्चीत बसवले, मग ज्याचे त्यांच्याशी जसे नाते, तसे एकेकाला त्यांच्याभोवती आणले. कोणाचेही डोके दुसऱ्याच्या डोक्याच्या सरळ रेषेत येणार नाही, याकडे बारकाईने लक्ष दिले. माणसे दोन-तीन रांगांत असली की पुढचा चेहरा स्पष्ट आणि मागचा धूसर होण्याचा धोका असतो, म्हणून भिंगाचे छिद्र एफ/८ पर्यंत लहान केले आणि त्यासाठी लागणारा जादा उजेड दिव्यातून घेतला. अप्पांच्या चष्म्यावर चमक येत होती, तेव्हा चष्मा काढायला न सांगता दिवा थोडा वर घेतला आणि चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलल्या. आजी मात्र कॅमेऱ्यासमोर ताठ झाल्या होत्या. त्यांना हसायला सांगण्याऐवजी, “आज्जी, इकडं नका बघू, पणतू काय करालाय बघा की,” एवढेच ते म्हणाले. भिंतीवर आज जो फोटो आहे, तो त्याच क्षणाचा आहे.

निवडीची बैठक हा या व्यवसायाचा कणा आहे आणि माझी मुख्य तक्रारही याच टप्प्याविषयी आहे. फोटो काढण्याचे शुल्क तीन हजार रुपये आहे आणि त्यात एकही छापील प्रत येत नाही. काही दिवसांनी कुटुंबाला पुन्हा बोलावून, शेकडो फोटोंतून त्यांनीच निवडलेले तीसेक फोटो मोठ्या पडद्यावर दाखवतात आणि त्यातून कोणते, कोणत्या आकारात घ्यायचे ते तेथेच ठरते. शेकडो फोटोंचा ढीग पेनड्राइव्हमध्ये घेऊन घरी गेलेले कुटुंब त्यांतील एकही छापत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे. त्यामुळे आधी चाळण लावण्याची त्यांची पद्धत योग्यच म्हणावी लागेल. तथापि चौकटींचे दरपत्रक आम्हाला पहिल्यांदा मिळाले ते या बैठकीत, तेही सर्वांत मोठा आकार पडद्यावर झळकत असताना आणि आजींच्या डोळ्यांत पाणी असताना. अशा वेळी घासाघीस करणे कोणालाच जमत नाही. चौकटीसह बारा बाय अठरा इंचांची प्रत साडेसहा हजारांना आणि वीस बाय तीस इंचांची साडेचौदा हजारांना पडते, हे पहिल्याच भेटीत कागदावर दिले असते, तर आमचा निर्णय बदलला नसता. पण एखाद्या कुटुंबाचा बदलू शकतो आणि तो बदलण्याचा त्यांना हक्क आहे. आम्ही हे त्यांना तेथेच सांगितले. दर लपवण्याचा हेतू नाही, आधी सांगितले तर लोक फोटोलाच येत नाहीत, असे उत्तर मिळाले. उत्तर प्रामाणिक आहे, पण समाधानकारक नाही.

दर जास्त आहेत का? बाजारात एमडीएफच्या फळीवर फोटो चिकटवून लॅमिनेशन करून घेतले, तर याच आकाराला एक-दीड हजारापलीकडे खर्च येत नाही. परंतु हा स्टुडिओ एका दिवशी एकच कुटुंब घेतो, दोन बैठका देतो, चाचणीची प्रत काढतो, घरी येऊन चौकट लावतो. आणि केवळ फोटोचे शुल्क भरून काहीही न घेता परत जाणारी कुटुंबेही असणारच. लग्नाच्या एका कामात हा सगळा खर्च सहज जिरतो. लग्ने न घेता केवळ छापील प्रतींवर घर चालवायचे, तर दर याच्या फार खाली आणता येतील असे मला वाटत नाही.

आकाराविषयीचा त्यांचा सल्ला मात्र निर्विवाद चांगला होता. सोफ्याच्या वर लावायच्या चित्राची चौकटीसह रुंदी सोफ्याच्या सुमारे दोनतृतीयांश असावी, असा एक ढोबळ हिशेब आहे. त्या मानाने आपण सहसा निवडतो तो बारा बाय अठराचा फोटो मोठ्या भिंतीवर हरवून जातो. दुसरा मुद्दा प्रमाणाचा. कॅमेऱ्यातील प्रतिमा तीनास दोन या प्रमाणात असते. ती सोळा बाय वीसच्या चौकटीत बसवायची, तर लांबीचा सहावा हिस्सा कापावा लागतो, म्हणजे कडेला उभ्या असलेल्या माणसाचा खांदा जातो. चौकटी तयार मापांत स्वस्त मिळतात म्हणून फोटो कापणारे पुष्कळ आहेत. येथे फोटोच्या मापाची चौकट करतात. चोवीस मेगापिक्सेलची प्रतिमा, म्हणजे ६००० गुणिले ४००० बिंदू, वीस बाय तीसवर छापली की इंचाला २०० बिंदू मिळतात. हातात धरून पाहायच्या अल्बमला ३०० लागतात. सहा फुटांवरून पाहायच्या चित्राला २०० पुरतात. प्रत्यक्षात आम्ही नाक कागदाला लावून पाहिले, तरी आजींच्या पापण्या सुट्या दिसतात.

छपाई हा या परीक्षणातील सर्वांत आनंदाचा भाग आहे. अल्बम ते बाहेरगावच्या लॅबमधून चांदीच्या क्षारांच्या नेहमीच्या फोटो-कागदावर करून आणतात, पण भिंतीवरची चित्रे स्वतःच्या यंत्रावर, रंगद्रव्याच्या शाईने, सुती कागदावर छापतात. आमच्यासाठी हानेम्युले या १५८४ पासून कागद बनवणाऱ्या जर्मन गिरणीचा, चौरस मीटरला ३०८ ग्रॅम वजनाचा कागद वापरला. त्याला चमक नसते, त्यामुळे समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब पडत नाही आणि त्वचेचे रंग मऊ उतरतात. काळा रंग चकचकीत कागदाइतका गडद येत नाही, हा त्याचा तोटा. पुतण्याचा गडद निळा कोट जवळपास करड्याकडे झुकला आहे. अंतिम छपाईपूर्वी त्यांनी पाच बाय सातची एक चाचणी प्रत घरी दिली आणि ती ठरलेल्या भिंतीवर दिवसा व रात्री, दोन्ही वेळा पाहायला सांगितली. आमच्या हॉलमधील पांढऱ्या एलईडी दिव्याखाली चेहरे किंचित हिरवट दिसत होते. शाई बदलता येत नाही, पण रंगांचा तोल थोडा लालसर बाजूला नेता येतो. आणि त्यांनी तेवढे केले. दिवा बदलून पिवळसर घ्या, हा त्यांचा दुसरा सल्ला आम्ही अजून पाळलेला नाही.

फोटोवर नंतर करायच्या सफाईबाबत त्यांची भूमिका आधीच लेखी असते. मुरूम, खरचटल्याच्या खुणा, दाढी करताना झालेली जखम, म्हणजे जे पंधरा दिवसांत जाणार आहे, ते काढतात. तीळ, व्रण, सुरकुत्या, जे माणसाचे कायमचे आहे, ते ठेवतात. कोणाचाही वर्ण उजळ करत नाहीत, मागितले तरी नाही. आपल्याकडे फोटोवाल्याने न विचारता साऱ्या घराला एकाच गोऱ्या छटेत बुडवण्याची रीत इतकी रुळली आहे की, आमच्या धाकट्या जावेला प्रथम फोटो अपुरा वाटला. आजींच्या मनगटावरचे गोंदण झिजून अस्पष्ट झाले आहे; ते पुसलेही नाही आणि ठळकही केले नाही.

चौकटीसाठी सागाची पट्टी, आम्लरहित माउंट (म्हणजे फोटोभोवती बसवायची जाड पुठ्ठ्याची किनार) आणि वर अ‍ॅक्रिलिकचा पत्रा असे आम्ही घेतले. काच स्वस्त पडते आणि तिच्यावर ओरखडे लवकर उठत नाहीत, पण एवढ्या आकारात ती जड होते आणि पडल्यास धोका असतो. माउंट केवळ शोभेसाठी नसतो. त्याच्या जाडीमुळे कागद आणि पत्रा यांच्यामध्ये हवेची फट राहते, जी आपल्या हवामानात अत्यावश्यक आहे. चौकटीची मागची बाजू कागदी पट्टीने बंद केलेली आहे आणि चार कोपऱ्यांना रबरी गुंड्या आहेत. पावसाळा संपल्यावर आम्ही चौकट काढून पाहिली. पुठ्ठा कोरडा होता. कॅनव्हासची छपाईही ते करतात, परंतु ती आम्ही घेतली नाही आणि इतरांनीही विचार करून घ्यावी, असे मी सुचवेन. कॅनव्हास लाकडी सांगाड्यावर ताणताना प्रत्येक बाजूचा दीड-दोन इंच भाग कडेला दुमडला जातो, त्यामुळे फोटोत भोवती मोकळी जागा नसेल, तर पाय किंवा कोपरे जातात. शिवाय दमट हवेत कापड सैल पडते, आणि त्याच्यावर काच नसल्याने धूळ व ओल थेट बसते. स्टुडिओच्या नमुन्यांपैकी एक कॅनव्हास कोपऱ्यात ढिला झालेला मी पाहिला. तो नमुना म्हणून ठेवण्यासारखा नव्हता.

जुन्या फोटोंचे कामही ते करतात. आमच्या आजोबांचा एकमेव फोटो वर्षानुवर्षांच्या ओलीने काचेला चिकटला आहे. फोटो-कागदावरचा जिलेटिनचा थर दमटपणाने मऊ होतो आणि काचेला धरून बसतो; ओढला की चेहराच काचेवर राहतो. त्यांनी तो काढण्याचा प्रयत्नच केला नाही. काचेसकट, तिरक्या उजेडात, चमक टाळून त्याची प्रत काढली आणि ती कृष्णधवल स्वरूपात छापून दिली. नमुना म्हणून तिला रंग भरूनही दाखवले होते, ते मात्र मला रुचले नाही. आजोबांचा पटका कोणत्या रंगाचा होता हे घरात कोणालाच आठवत नाही, आणि संगणकाने तो भगवा ठरवून टाकला होता.

अर्जावरील एका कलमाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कोणी फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा, म्हणजे ग्राहकाचा असतो. या स्टुडिओच्या अर्जात तो वेगळा करार आहे: हक्क स्टुडिओकडे राहतात आणि ग्राहकाला घरगुती वापराची परवानगी मिळते. मोबाईलवर पाठवण्यासाठी लहान फाइल विनामूल्य देतात; छपाईयोग्य मोठी फाइल प्रत्येकी अडीच हजार रुपये. यात बेकायदेशीर काही नाही आणि छापील चित्रांवर चालणाऱ्या धंद्याला हे गरजेचेही असेल. परंतु हे कलम केवळ इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत आहे. ज्या स्टुडिओत ग्राहकाशी सारे बोलणे मराठीत किंवा कानडीत चालते, त्याने हक्काचे कलमही त्या दोन्ही भाषांत छापायला हवे. मुलांचे फोटो जाहिरातीसाठी वापरायचे की नाही, याची चौकोनी खूण त्याच पानावर आहे आणि ती आधीच ‘होय’वर केलेली होती. आम्ही ती खोडायला लावली. ती त्यांनी विनातक्रार खोडली.

चौकट ठरलेल्या तारखेला मिळाली नाही. भर पावसात सागाची पट्टी पॉलिश करून वाळत नाही, हे कारण खरे आहे, पण दरवर्षी पावसाळा येणार हे त्यांनाही ठाऊक असणारच. त्या महिन्यांसाठी तारीखच पुढची द्यावी. शहरात घरी येऊन लावण्याचे पैसे घेत नाहीत. खानापूर, निपाणी, चिकोडीकडे जाण्याचा खर्च वेगळा. आमच्याकडे आले तेव्हा पातळीचे यंत्र, ड्रिल आणि खाली अंथरायला चादरही घेऊन आले होते, आणि चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या थोडा खाली ठेवला, कारण हॉलमध्ये माणसे बहुधा बसलेली असतात.

पुढे निपाणीच्या आत्तींनी त्याच फोटोची दुसरी प्रत मागितली. पहिल्या छपाईच्या नोंदी, कागद, रंगांचा तोल, सर्व त्यांच्याकडे जपलेले होते, त्यामुळे पुन्हा बैठक लागली नाही आणि छपाईचा दरही थोडा कमी लावला. आत्तींकडे पाठवण्यापूर्वी दोन्ही चौकटी शेजारी ठेवून पाहिल्या. फोटोच्या रंगात फरक सापडला नाही. सागाच्या पट्टीचे पॉलिश मात्र दुसऱ्या खेपेस एक छटा गडद आले होते, आणि ते दाखवताच त्यांनी चौकट परत नेऊन बदलून दिली.